ना गाईड, ना ग्रुप, ना बस: इंग्लंडच्या खेड्यांतली सायकल सहल नेमकी चालते कशी?

इन्स्टाग्रामवर ‘कॉट्सवोल्ड्स’ असं टाकून बघा. एकसारख्या रील्सची रांगच लागते. मधाच्या रंगाची दगडी घरं, दारावर चढलेला गुलाब, दोन्ही बाजूंना हिरवं कुंपण असलेला अरुंद रस्ता आणि त्यावरून निवांत चाललेली सायकल. खाली लिहिलेलं असतं, ‘सेल्फ गाइडेड सायकलिंग हॉलिडे’.

रील संपते आणि प्रश्न सुरू होतात. या माणसाचं सामान कुठे आहे? रस्ता कोण दाखवतंय? रात्री मुक्काम कुठे? आणि मुख्य म्हणजे, दुसऱ्याच्या शेतातून सायकल नेली तर मालक काठी घेऊन मागे लागत नाही का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. चौथ्याचं उत्तर मात्र थेट १८८८ सालच्या एका कायद्यापर्यंत जातं. गाईडशिवाय फिरता येतं, कारण गाईडचं काम तिथे कायदा, नकाशा, पाट्या आणि जुन्या खानावळी वाटून करतात. या गोष्टी कशा उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर नेमका किती भरवसा ठेवायचा, तेच समजून घेऊ.

आधी ‘सेल्फ गाइडेड’ म्हणजे काय?

ग्रुप टूरमध्ये पुढे गाईड असतो, मागे गाडी असते आणि सगळ्यांनी एकाच वेळी निघायचं असतं. सेल्फ गाइडेड सहलीत यातलं काहीच नसतं. कंपनी तुमच्यासाठी मार्ग आखते, रोजच्या मुक्कामाची बुकिंग करते, भाड्याची सायकल देते आणि मोबाइलवर किंवा जीपीएसवर चालणारी मार्गाची फाइल पाठवते. सकाळी तुम्ही नाश्ता करून बॅग खोलीच्या बाहेर किंवा रिसेप्शनवर ठेवायची. एक गाडी येते, बॅग उचलते आणि पुढच्या गावातल्या मुक्कामी पोचवते. तुमच्याकडे फक्त पाणी, रेनकोट, खाऊ आणि पंक्चर काढायचं सामान.

अडचण आली तर फोन करायला एक नंबर असतो. पण साधं पंक्चर झालं म्हणून कोणी धावत येईल अशी अपेक्षा ठेवू नका. ट्यूब बदलणं, हवा भरणं, निसटलेली चेन बसवणं ही कामं स्वतःची स्वतः करायची असतात.

हेच सगळं कंपनीशिवायही करता येतं. मार्ग आपण आखायचा, खोल्या आपण बुक करायच्या आणि सामान सायकलच्या कॅरिअरला लावलेल्या पिशव्यांतून न्यायचं. पैसे वाचतात, पण चढावर प्रत्येक जादा किलो जाणवतो.

कॉट्सवोल्ड्सच का?

इंग्लंडमध्ये सायकल सहलींसाठी बऱ्याच जागा आहेत. पण पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या यादीत कॉट्सवोल्ड्स वर असतं. लंडनच्या पश्चिमेला, ऑक्सफर्डच्या पलीकडे पसरलेला हा टेकड्यांचा प्रदेश. सुमारे २,०४० चौरस किलोमीटरच्या या भागाला १९६६ मध्ये निसर्गसौंदर्यासाठी संरक्षित दर्जा मिळाला.

इथली घरं मधाच्या रंगाची का, याचं उत्तर जमिनीखाली आहे. इथला चुनखडीचा दगड ज्युरासिक काळातला. तो पिवळसर असतो आणि तासायला सोपा असतो. लोकांनी घर, कुंपण, चर्च, छप्पर सगळं त्यातूनच उभं केलं.

पैसा आला मेंढ्यांमधून. मध्ययुगात इथल्या लोकरीला युरोपभर मागणी होती. व्यापाऱ्यांनी त्या कमाईतून छोट्या छोट्या गावांत प्रचंड चर्च बांधली. त्यांना आजही ‘वूल चर्च’ म्हणतात. पुढे कापडउद्योग कोळसा आणि वाफेच्या इंजिनांमागे उत्तर इंग्लंडकडे सरकला आणि ही गावं मागे पडली. जुनी घरं पाडून नवी बांधायला कोणाकडे फारसे पैसेच नव्हते. आज जे ‘जपलेलं सौंदर्य’ म्हणून विकलं जातं, त्यातलं बरंचसं त्या मंदीमुळे टिकलंय.

सायकलवाल्यांसाठी कामाची गोष्ट म्हणजे गावांमधलं अंतर. आपल्याकडे आठवडी बाजाराचं गाव असतं, तशी इथे ‘मार्केट टाउन’ होती. ‘चिपिंग’ या शब्दाचा जुना अर्थच बाजार. सकाळी चालत किंवा बैलगाडी-घोडागाडीने निघून संध्याकाळपर्यंत परत येता यावं, इतक्या अंतरावर ही बाजारगावं वसली. त्यामुळे आज सायकलवर पाच-सात किलोमीटर गेलात की एखादं गाव, एखादा पब किंवा निदान पाण्याचा नळ सापडण्याची शक्यता बरीच असते.

रस्ता कोणाचा? सायकलला हक्क मिळाला कसा?

आता त्या काठीवाल्या मालकाकडे येऊ.

इंग्लंडमधली बहुतेक शेतजमीन खासगी आहे. तरीही इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे २,२५,००० किलोमीटरच्या वाटा अशा आहेत, ज्यांवरून जाण्याचा हक्क कायद्याने जनतेला आहे. जमीन मालकाची, वहिवाट सगळ्यांची. पाणंद रस्त्यावरून होणारी भांडणं ज्यांनी गावाकडे पाहिली आहेत, त्यांना या वाक्याचं वजन लगेच कळेल.

पण सगळ्या वाटांवर सगळ्यांना परवानगी नाही. इथे एक शब्द आपल्याला फसवतो. आपल्याकडे फूटपाथ म्हणजे रस्त्याकडेची फरसबंदी. इंग्लंडमध्ये ‘पब्लिक फूटपाथ’ म्हणजे शेतातून, रानातून जाणारी पायवाट. तिच्यावर चालण्याचा हक्क आहे, सायकल चालवण्याचा नाही. आणि आपण ज्याला फूटपाथ म्हणतो, त्या फरसबंदीवर सायकल चालवणं तर १८३५ च्या हायवेज अ‍ॅक्टनुसार गुन्हा ठरतो. तो कायदा आजही लागू आहे.

सायकलसाठी कामाची वाट म्हणजे ‘ब्रायडलवे’, म्हणजे घोडेस्वारांची वाट. तिच्यावर सायकलला परवानगी मिळायला मात्र बराच काळ लागला. १८८८ च्या एका कायद्याने सायकलला ‘वाहन’ ठरवलं. यामुळे सायकलला घोडागाडीसारखा रस्त्यावरचा हक्क पक्का मिळाला. पण वाहन म्हटल्यावर घोडेवाटेवर तिला जागा नव्हती. ही अडचण सुटली थेट १९६८ मध्ये. त्या वर्षीच्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने ब्रायडलवेवर सायकल चालवायला परवानगी दिली. अट एकच, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. दोन कायद्यांमध्ये ८० वर्षं गेली.

आजही चित्र अर्धवटच आहे. इंग्लंडमधल्या सार्वजनिक वाटांपैकी जेमतेम २२ टक्के वाटांवर सायकलला हक्क आहे. म्हणून मोबाइलच्या नकाशावर रेघ दिसली, की त्यावर सायकल घालायची असं चालत नाही.

खानावळी आणि सायकलवाले: जुनी सोयरीक

मुक्कामाची सोयही आपोआप झालेली नाही. १८७८ मध्ये हॅरोगेट या गावी सायकलवाल्यांनी एक क्लब काढला. पुढे त्याचं नाव ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ झालं. आज ही संस्था ‘सायकलिंग यूके’ या नावाने काम करते. रेल्वे आल्यानंतर घोडागाड्यांच्या वाटेवरच्या जुन्या खानावळी ओस पडत चालल्या होत्या. क्लबने त्यांच्याशी करार केले. आमच्या सभासदांना ठरलेल्या दरात खोली आणि जेवण द्या, आम्ही गिऱ्हाईक देतो. अशा खानावळींच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाचं चिन्ह लावलं जायचं. जुन्या काही इमारतींवर ते आजही दिसतं. तीव्र उतारांच्या तोंडाशी ‘सायकलस्वारांनो, सावधान’ अशा अर्थाच्या पाट्याही सायकल संघटनांनीच लावल्या, तेव्हा मोटारी यायच्या होत्या.

पण हे दार सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं. ऑक्टोबर १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन सायकलवरून सरे परगण्यातल्या ऑकहॅम इथल्या हॉटबॉय हॉटेलात गेल्या. त्यांनी लांब घागऱ्याऐवजी सायकल चालवायला सोपी अशी ढगळ विजार घातली होती. मालकिणीने त्यांना कॉफी रूममध्ये बसू द्यायला नकार दिला आणि बारला लागून असलेल्या खोलीत बसायला सांगितलं. सायकल क्लब त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि १८९९ मध्ये हॉटेलवर खटला चालला. क्लब हरला. बसायला दुसरी खोली दिली होती, त्यामुळे सेवा नाकारली असं होत नाही, असं ठरलं. पण बाईने सायकलवर काय घालावं, यावर देशभर चर्चा झाली.

१९३० मध्ये यूथ हॉस्टेल संघटना सुरू झाली आणि कमी पैशांत फिरणाऱ्या तरुणांना स्वस्त मुक्काम मिळू लागला. आजचं ‘बेड अँड ब्रेकफास्ट’, पबच्या वरच्या मजल्यावरची खोली, सायकल ठेवायला मागचं गोदाम, ही सगळी त्याच सोयरिकीची पुढची पिढी आहे.

रेल्वे गेली, सायकलला वाट मिळाली

१९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांनी एक अहवाल दिला. तोट्यातले सुमारे ८,००० किलोमीटर मार्ग आणि २,००० हून अधिक स्थानकं बंद करा, असं त्यात म्हटलं होतं. बऱ्याच मार्गांवर कुऱ्हाड पडली. गावांची गाडी गेली, रूळ उखडले गेले आणि मागे उरल्या रिकाम्या पट्ट्या.

सायकलसाठी या पट्ट्या म्हणजे लॉटरीच होती. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ जमत नाही, म्हणून रेल्वेमार्ग जवळपास सपाट असतो. ब्रिस्टल शहरात १९७७ मध्ये सायकलप्रेमींनी एक गट काढला. तोच पुढे ‘सस्ट्रान्स’ या संस्थेच्या नावाने ओळखला गेला. त्यांनी स्वयंसेवकांना घेऊन १९७९ पासून ब्रिस्टल ते बाथ हा सुमारे २१ किलोमीटरचा बंद रेल्वेमार्ग सायकलवाटेत बदलला. १९९५ मध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून चार कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळाली आणि देशभराचं ‘नॅशनल सायकल नेटवर्क’ उभं राहू लागलं. निळ्या पाटीवर लाल चौकटीत मार्गाचा क्रमांक दिसला, की तुम्ही या नेटवर्कवर आहात.

पण पाटी दिसली म्हणजे रस्ता सुरक्षित, असं समजू नका. नेटवर्कचा मोठा भाग साध्या रस्त्यांवरूनच जातो. २०१८ मध्ये संस्थेनेच केलेल्या पाहणीत ४२ टक्के मार्गांचा दर्जा खराब निघाला. २०२० मध्ये जवळपास एक चतुर्थांश भाग नेटवर्कमधून काढण्यात आला किंवा वेगळ्या वर्गात टाकण्यात आला. सुमारे २६,७०० किलोमीटरचं नेटवर्क २०,५०० किलोमीटरच्या आसपास आलं. काढलेल्यातले बरेच रस्ते वाहनांच्या वर्दळीमुळे असुरक्षित होते. जुना नकाशा किंवा जुना ब्लॉग बघून मार्ग ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

नकाशा कसा वाचायचा?

ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे. सुरुवात १७९१ ची, फ्रान्सच्या हल्ल्याच्या भीतीने लष्करासाठी झालेली. तिचे नारिंगी मुखपृष्ठाचे ‘एक्सप्लोरर’ नकाशे १:२५,००० प्रमाणात असतात. म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. त्यावर हिरव्या तुटक रेघा दिसतात. रेघेचे तुकडे आखूड असतील तर फूटपाथ, लांब असतील तर ब्रायडलवे. आखूड तुकड्यांवर सायकल हातात धरायची नाही, तिथे वळायचंच नाही, एवढं ठरवलं तरी पुरे. हेच नकाशे मोबाइल अ‍ॅपमध्येही मिळतात.

रस्त्यांची भाषाही शिकून घ्या. ‘एम’ म्हणजे मोटरवे, तिथे सायकलला बंदी. ‘ए’ म्हणजे मोठा रस्ता, ट्रक आणि वेग. ‘बी’ म्हणजे मधला. आणि ज्यांना नकाशावर क्रमांकच दिलेला नसतो त्या बारीक गल्ल्या म्हणजे ‘लेन’. तुमची सहल या लेनवरून व्हायला हवी.

कॉट्सवोल्ड्समध्ये एक सोपी खूण आहे. नकाशावर पट्टीने आखल्यासारखा सरळ रस्ता दिसला, तर तो बहुतेक रोमन काळातला. एक्सेटर ते लिंकन असा गेलेला ‘फॉस वे’ हा तसाच रस्ता. मोर्टन-इन-मार्श, स्टो-ऑन-द-वोल्ड ही गावं त्यावरच आहेत. ऐकायला भारी वाटतं, पण आज त्याच्या या भागाचं नाव ए ४२९ आहे आणि त्यावरून गाड्या सुसाट जातात. जवळचा दिसतो म्हणून तो पकडू नका. वेडीवाकडी लेन लांब पडते, पण सायकलीची आहे.

चार दिवसांचा मार्ग कसा दिसतो?

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना. अंतरं ढोबळ आहेत.

पहिला दिवस, सुमारे १५ किमी: लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून दीड-पावणेदोन तासांत मोर्टन-इन-मार्श. तिथून ब्लॉकलीमार्गे चिपिंग कॅम्पडन. गावाच्या मधोमध १६२७ मध्ये बांधलेला दगडी कमानींचा बाजारचौथरा आहे. पाय मोकळे करण्याचा दिवस.

दुसरा दिवस, सुमारे ४० किमी: कॅम्पडनहून ब्रॉडवे, मग स्नोशिल, गायटिंग पॉवर, अपर आणि लोअर स्लॉटर, शेवटी बोर्टन-ऑन-द-वॉटर. हा सगळ्यात दमवणारा दिवस. ब्रॉडवे कड्याच्या पायथ्याशी आहे, तिथून वर यायला जवळपास दोनशे मीटरचा चढ. उतरून सायकल ढकलत नेली तरी कोणी हसत नाही. ‘स्लॉटर’ नावाचा कत्तलीशी संबंध नाही, तो दलदलीच्या जागेसाठीचा जुना शब्द आहे. उलट अपर स्लॉटर हे ब्रिटनमधल्या अशा मोजक्या गावांपैकी आहे, जिथून दोन्ही महायुद्धांवर गेलेला प्रत्येक सैनिक जिवंत परत आला.

तिसरा दिवस, सुमारे ४० किमी: बोर्टनहून नॉर्थलीच, तिथलं वूल चर्च, मग बायबरी आणि मुक्काम बर्फर्ड. बायबरीतली ‘अर्लिंग्टन रो’ ही घरांची रांग रील्समधली सगळ्यात ओळखीची जागा. चौदाव्या शतकात ते लोकरीचं गोदाम होतं, सतराव्या शतकात त्याची विणकरांची घरं झाली. जेमतेम सहाशेच्या आसपास वस्तीचं हे गाव पर्यटकांच्या बसगाड्यांनी इतकं कोंडतं, की गावकरी वैतागले आहेत. त्या घरांत लोक राहतात. खिडकीत मोबाइल घालू नका. सायकलवाल्यांना एक फायदा आहे, बस यायच्या आधी सकाळी किंवा त्या गेल्यावर संध्याकाळी पोचता येतं.

चौथा दिवस, सुमारे १५ ते २० किमी: बर्फर्डहून शिप्टनमार्गे किंगम स्थानक. ते मोर्टनच्याच रेल्वेमार्गावर आहे. स्वतःची सायकल असेल तर काही गाड्यांत तिच्यासाठी आधी आरक्षण लागतं. जागा मोजक्याच असतात, हे आयत्या वेळी कळलं तर पंचाईत होते.

धोका कुठे आहे?

रीलमध्ये ही गोष्ट नसते. ब्रिटनमध्ये रस्त्यांवर होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक ग्रामीण रस्त्यांवर होतात.

कारण ऐकून धक्का बसेल. वस्तीबाहेरच्या, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर वेगळी पाटी नसेल तर वेगमर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर असते. एकच गाडी मावेल अशा लेनलाही हाच नियम लागू होतो. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपण, समोर आंधळं वळण आणि पलीकडून शेतकऱ्याचा ट्रॅक्टर किंवा घाईतली मोटार. इतक्या वेगाने तिथे कोणी चालवणं अपेक्षित नसतं, पण कायद्याची वरची मर्यादा तीच.

आपल्याला एक गोष्ट सोयीची आहे, इंग्लंडमध्येही डावीकडूनच चालवतात. म्हणून सवय मोडायची नाही. पण डावीकडे म्हणजे अगदी कुंपणाला चिकटून नाही. जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये बदल झाले. शांत रस्त्यावर सायकलस्वाराने लेनच्या मधून चालवावं, म्हणजे तो दुरून दिसतो, असं त्यात सांगितलंय. मागून गाडी आली आणि जागा असली, की बाजूला होऊन तिला जाऊ द्यावं. ओव्हरटेक करणाऱ्या गाडीने ताशी ३० मैलांपर्यंत वेग असताना निदान दीड मीटर अंतर ठेवावं, वेग जास्त असेल तर त्याहून अधिक.

हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण हायवे कोड ते घालायला सांगतो. सूर्यास्तानंतर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा मात्र सक्तीचा. आणि पबमध्ये दुपारी दोन-तीन बिअर घेऊन पुढचा टप्पा गाठायचा बेत असेल, तर दारूच्या नशेत सायकल चालवणं हाही तिथे गुन्हा आहे.

भारतातून जाणार असाल तर

केव्हा जायचं: मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो. पाऊस कधीही येतो, रेनकोट प्रत्येक महिन्यात लागतो.

रोज किती: घाट चढायची सवय नसेल तर दिवसाला ३० ते ४० किलोमीटर भरपूर झाले. शंका असेल तर ई-बाइक घ्या. २५० वॉटपर्यंतची आणि ताशी सुमारे २५ किलोमीटरला मोटर बंद होणारी, पायडल मारून चालणारी ई-बाइक तिथे लायसन्सशिवाय चालवता येते. वयाची अट १४ वर्षं.

खर्च: मुक्काम, नाश्ता आणि सामानाची ने-आण धरून आठवड्याच्या पॅकेजचा आकडा माणशी हजार पौंडांच्या आसपास सहज जातो. विमान, व्हिसा, दुपार-रात्रीचं जेवण वेगळं. एकटे असाल तर खोलीचे जादा पैसे लागतात. तंबू टाकून वाचवू म्हणाल, तर जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठेही तंबू ठोकता येत नाही. डार्टमूरचा अपवाद आहे, आणि तोही २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकला.

जेवण: बहुतेक पबमध्ये शाकाहारी पदार्थ मिळतात. अडचण होते वेळेची. दुपारी अडीचच्या सुमारास बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, ते सहाच्या पुढे उघडतं. लहान गावात दुसरा पर्याय नसतो. जवळ खाऊ ठेवा आणि रात्रीचं टेबल आधी सांगून ठेवा.

विमा: अपघात विभागातले तातडीचे उपचार मोफत आहेत, पण रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर पर्यटकांना बिल येतं. पॉलिसीत सायकलिंग धरलंय का आणि भाड्याच्या सायकलीचं नुकसान कोण भरणार, हे वाचून घ्या.

कंपनीला विचारायचे प्रश्न: रोज एकूण चढ किती? ‘ए’ दर्जाच्या रस्त्यावरून किती किलोमीटर? मार्गात कच्ची वाट किती? बॅगेचं वजन किती चालतं? सायकल रस्त्यात पूर्ण बंद पडली तर कोण येणार आणि किती वेळात? फोटो सुंदर आणि या प्रश्नांची उत्तरं गुळमुळीत, असं असेल तर दुसरी कंपनी बघा.

आणि या वाटा राहतील का?

१९४९ च्या कायद्याने तिथल्या कौन्सिलांना सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. पण अनेक जुन्या वाटा नोंदवायच्या राहून गेल्या. २००० च्या कायद्याने मुदत घातली. १ जानेवारी २०२६ पर्यंत नोंद न झालेल्या ऐतिहासिक वाटांवरचा हक्क संपणार होता. रॅम्बलर्स या पायी फिरणाऱ्यांच्या संघटनेने स्वयंसेवकांकडून जुने नकाशे तपासून घेतले. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४९,००० मैलांहून अधिक, म्हणजे जवळपास ७९,००० किलोमीटरच्या वाटा नकाशातून गळल्या असाव्यात, असं त्यातून पुढे आलं. सरकारने आधी मुदत रद्द करू म्हटलं, मग २०२३ मध्ये ती २०३१ पर्यंत वाढवली आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने ती मुदतच काढून टाकण्याची घोषणा केली.

सायकलवाल्यांसाठी यात बरंच काही अडकलंय. आज फूटपाथ म्हणून नोंदलेली एखादी वाट जुन्या कागदपत्रांत घोडेवाट निघाली, तर तिच्यावर सायकलही जाऊ शकते. म्हणजे २२ टक्क्यांचा आकडा वाढू शकतो. पण नव्या वाटा खुल्या करायला विरोध करताना ‘सायकलवाले वेगाने येतात, फाटकं उघडी टाकतात, गुरं बिथरतात’ ही तक्रार नेहमी पुढे येते.

म्हणून तिथे गेलात तर फाटक जसं होतं तसं ठेवा. बंद असेल तर मागे बंद करा. घोडा दिसला तर लांबूनच हाक मारा आणि थांबा, घोड्याला घंटी आवडत नाही. पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्या. १९६८ च्या कायद्याने सायकलला वाट देताना घातलेली अट हीच होती.